सुट्टीतल्या सात कादंबऱ्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यात खानदेशात दुपारी बाराच्या पुढं घराबाहेर पडू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. जळगाव असो की धुळं, रस्ते ओस पडतात, दुकानदार अर्धं शटर ओढून आत पंख्याखाली बसतात. अशा दुपारी घरातल्या माणसानं करायचं काय? झोप काढून काढून किती काढणार? टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे. पण तासाभरानं दोन्हींचा कंटाळा येतो. मी आज एका जुन्या उपायाबद्दल बोलणार आहे. तो उपाय म्हणजे कादंबरी. तीसुद्धा अभ्यासक्रमाला लागलेली किंवा गौरवग्रंथांत उल्लेख असलेली नव्हे. जिला आपण ‘हलकीफुलकी’ म्हणतो, ‘टाइमपास’ म्हणतो, ती प्रेमाची आणि रहस्याची कादंबरी.

मी मूळचा धुळ्याचा. नोकरीचा काळ जळगावात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर वेळ हाताशी असल्यानं मी यंदाच्या उन्हाळ्यात ठरवून एक आठवडा असा काढला. सात दिवस आणि सात कादंबऱ्या. सुरुवातीला एक दिवस रहस्य, एक दिवस प्रेम, असं आलटून पालटून. आणि शेवटी दोन्हींची सरमिसळ असलेली पुस्तकं. नियम दोनच केले. शेवटचं पान आधी पाहायचं नाही, आणि पुस्तक आवडलं तर ते का आवडलं, हे रात्री वहीत चार ओळींत लिहायचं. या वहीतून जे हाती आलं ते आज सांगतो.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. या पुस्तकांना नाकं मुरडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी अद्भुतानं आणि शृंगारानं झाली. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, ते समाजसुधारणेचं. पण लोकांना वेड लावलं ते लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ मधल्या ‘मुक्तामाला’नं आणि पुढं रिसबुडांच्या १८६८ मधल्या ‘मंजुघोषा’नं. राजपुत्र, राजकन्या, विरह, कारस्थानं, तळघरं असा सगळा थाट. नंतर गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्स याच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला आणि दातारशास्त्र्यांच्या जाडजूड पुस्तकांवर दोन पिढ्या जागल्या. याच सुमारास, १९०२ मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ नावाचा एक निबंध लिहिला. अद्भुत कादंबरी आणि वास्तव कादंबरी असा भेद करून त्यांनी आपल्याकडे रेनॉल्ड्ससारख्यांचीच भरमार कशी झाली आहे, यावर कडक शब्दांत टीका केली. हेच राजवाडे पुढं १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. म्हणजे कादंबरीचा हा पहिला मोठा टीकाकार आमच्या गावाशी जोडलेला. राजवाड्यांची टीका चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण ज्या पुस्तकांवर ते रागावले, त्याच पुस्तकांनी मराठी माणसाला पानं उलटायची सवय लावली, हेही तितकंच खरं.

आता आठवड्याकडे वळू.

सोमवारी बाबूराव अर्नाळकर घेतले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवता चालवता या माणसानं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची माणसं एके काळी महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक होती. त्यांचं पुस्तक शंभराच्या आसपास पानांचं असायचं. आम्ही पोरं त्याचं मोजमाप वेगळंच करायचो. धुळ्याहून जळगावला एसटीनं दोन-अडीच तास लागत. गाडी सुटताना उघडलेलं पुस्तक जळगाव येता येता संपायचं. हे मोजमाप गमतीचं वाटेल, पण त्यात त्या लेखनाचं सगळं तंत्र आहे. वाचक धक्के खात बसलेला आहे, शेजारी कुणी शेंगा सोलतंय, मागं पोर रडतंय. अशा वाचकाचं लक्ष धरून ठेवायचं तर वाक्य लहान हवं, प्रकरण लहान हवं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजलं पाहिजे. अर्नाळकर वर्णनात रमत नाहीत. दारामागं कोण आहे, हे सांगायच्या आत प्रकरण संपवतात. सोमवारी दुपारी दोनला बसलो, चहाच्या वेळेला पुस्तक संपलं. वहीत लिहिलं : ‘माणसं कागदी वाटली, पण उठावंसं वाटलं नाही.’

मंगळवारी ना. सी. फडके. त्यांची १९२९ ची ‘दौलत’. फडके म्हणजे मराठी प्रणयकथेचे बादशहा, हे सर्वांना माहीत आहे. पण हा माणूस कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचा, हे लक्षात राहत नाही. गोष्ट कशी रचावी, आरंभ आकर्षक कसा करावा, गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कर्षबिंदू कुठं आणावा, हे सारं त्यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात धडे दिल्यासारखं मांडलं. त्यांच्या कादंबरीतला नायक आणि नायिका पहिल्या काही पानांतच एकमेकांसमोर येतात. त्या दोघांचं जमावं, असं वाचकाला वाटू लागतं. मग लेखक ते जमू देत नाही. इथं मला पहिल्यांदा जाणवलं की सोमवारचं पुस्तक आणि मंगळवारचं पुस्तक एकाच पद्धतीनं चाललं आहे. तिथं दारामागं कोण, हे कळायला उशीर लावला होता. इथं मनात काय, हे कळायला उशीर लावला आहे. दोन्हीकडे लेखक आपल्याला थांबवून ठेवतो आणि आपण आनंदानं थांबतो.

बुधवारी कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सची बास्करव्हिल घराण्याची कथा काढली. ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः येऊन १९०२ मध्ये ती पुस्तकरूपानं निघाली. मराठी वाचकांना होम्सची गोडी लावण्यात भालबा केळकरांच्या अनुवादांचा मोठा वाटा आहे. रहस्यकथेबद्दल तोदोरोव्ह नावाच्या अभ्यासकानं १९६६ मध्ये एक सोपी गोष्ट सांगितली. तो म्हणतो, डिटेक्टिव्ह कथेत खरं तर दोन गोष्टी असतात. पहिली गोष्ट गुन्ह्याची. ती पुस्तक सुरू होण्याआधीच घडून गेलेली असते. दुसरी गोष्ट तपासाची. ती आपल्यासमोर घडते आणि पहिली गोष्ट एकेक तुकड्यानं आपल्याला देते. म्हणजे वाचक पुढं वाचत असतो, पण शोध मागं जात असतो.

याच्या जोडीला सिनेमावाल्या हिचकॉकचा दाखला घेऊ. तो म्हणायचा, दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि एकदम बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि गप्पा मारणाऱ्यांना ते माहीत नसेल, तर त्याच गप्पा प्रेक्षकाचा जीव वर-खाली करतील. पहिल्या प्रकाराला धक्का म्हणायचं, दुसऱ्याला उत्कंठा. धक्का एकदाच बसतो. उत्कंठा पानोपानी टिकते. चांगला थरारक लेखक धक्के मोजून वापरतो.

बास्करव्हिलच्या कथेत मला आणखी एक गोष्ट दिसली, जी शाळेत शिकवताना मी घाईनं ओलांडून जात असे. तरुण सर हेन्री शेजाऱ्याच्या बहिणीच्या प्रेमात पडतो आणि तो शेजारी संतापतो. वाचताना वाटतं, हे मधेच प्रेमप्रकरण कशाला? पण त्या संतापातच तपासाचा एक धागा लपलेला आहे. तो कोणता, ते सांगून ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांचा आनंद घालवत नाही. एवढंच सांगतो की प्रेम हा त्या रहस्यातला पुरावा आहे.

गुरुवारी चंद्रकांत काकोडकर. इथं थोडं थांबतो, कारण हा विषय नुसता वाचनाचा नाही.

काकोडकरांची पुस्तकं आमच्या घरी यायची, ती आईसाठी. मी चौथी-पाचवीत असेन. वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे. ‘काकोडकरांचं नवीन आलंय का, विचार’, एवढाच निरोप. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं, आणि ते असायचं स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागं. सकाळचा स्वयंपाक, धुणं, भांडी, आजीचं पथ्यपाणी आटोपून दोन वाजता आई भिंतीला टेकून पुस्तक उघडायची. ‘चार वाजेपर्यंत मला हाक मारायची नाही’, असं ती सांगायची. अख्ख्या दिवसात तिनं स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. आणि ती सुद्धा शेजारच्या काकूंनी ‘काय वाची राहिनात?’ म्हणून विचारलं, की पदराखाली जायची.

त्या लपवालपवीला तसं कारणही होतं. काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. निकालात न्यायालयानं मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. त्याचा आशय असा : स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचं झालं, तर तरुणांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. समाजाची मोजमापं बदलत असतात, हेही न्यायालयानं नोंदवलं. गंमत पाहा, त्याच १९६९ साली काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला आणि घरातली सगळी मंडळी मिळून तो पाहून आली. पडद्यावर चाललं, पुस्तक मात्र डब्यामागं!

आईनं त्या पुस्तकांतून काय घेतलं असेल, याचं उत्तर मला फार उशिरा आणि फार लांबून मिळालं. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एका लहान गावातल्या, प्रेमकथा वाचणाऱ्या चाळीसएक बायकांशी बोलून १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. तुम्ही हे का वाचता, असं त्यांनी विचारलं. अपेक्षा अशी, की नायक, नायिका, गोड शेवट याबद्दल त्या बोलतील. तेही त्या बोलल्याच. पण आधी त्यांनी सांगितलं ते असं, की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ घरची मंडळी मला काही मागत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांची काळजी वाहायची. हा वेळ माझा. वाचून मी चमकलो. धुळ्यातली दोन ते चारची वेळ आणि अमेरिकेतल्या गावातल्या बायकांचं उत्तर, यांत काडीचा फरक नव्हता. आणि त्या कथांमधला नायक तरी कसा असतो? सुरुवातीला रागीट, अबोल. शेवटी मात्र नायिकेकडे नीट लक्ष देणारा. दिवसभर ज्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही, तिला अशा शेवटाची ओढ वाटली तर ती भाबडी म्हणायची का? गुरुवारी पुस्तक वाचताना मला त्यातले कच्चे दुवे दिसत होते. संवाद भडक, योगायोग फार. पण वहीत मी त्याबद्दल काही लिहिलं नाही. ‘दोन ते चार’ एवढेच शब्द लिहिले.

शुक्रवारी जेन ऑस्टिनची १८१३ मधली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, इंग्रजीतूनच. जगातल्या प्रेमकादंबऱ्यांची ही थोरली बहीण. हिला कुणी ‘हलकी’ म्हणत नाही, ती विद्यापीठांत शिकवली जाते. पण चार दिवस रहस्य आणि प्रेम आलटून पालटून वाचल्यामुळे यंदा ती मला निराळीच दिसली. ती चक्क तपासकथा आहे. एलिझाबेथपुढं दोन पुरुष आहेत. एक गोडबोल्या विकहॅम, एक तुसडा डार्सी. पहिला भला, दुसरा वाईट, असा ती निकाल देऊन मोकळी होते. मग पुस्तकाच्या साधारण मध्यावर डार्सीचं एक लांबलचक पत्र येतं. ते पत्र ती पुन्हा पुन्हा वाचते. मागच्या एकेका प्रसंगाची उलटतपासणी करते. विकहॅमनं पहिल्याच भेटीत परक्या मुलीजवळ आपली सारी कैफियत मांडली होती. हे वागणं बरं नव्हे, हे तेव्हा माझ्या का लक्षात आलं नाही, असं ती स्वतःला विचारते. पुरावा पहिल्यापासून समोर होता, तिच्या आणि आपल्याही. होम्स शेवटच्या प्रकरणात जे करतो, ते ऑस्टिनची नायिका पुस्तकाच्या मध्यावर स्वतःच करते. फरक इतकाच, की होम्सला गुन्हेगार सापडतो आणि तिला आपला माणूस सापडतो.

शनिवारी दाफ्ने द्यू मोरिएची १९३८ मधली ‘रिबेका’. इथं दोन्ही प्रवाह एकाच पात्रात येतात. एक साधी, गरीब मुलगी एका श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या मोठ्या हवेलीत येते. पहिल्या बायकोचं नाव घराच्या कानाकोपऱ्यात आहे; गोष्ट सांगणाऱ्या या नव्या बायकोला मात्र लेखिकेनं अख्ख्या पुस्तकात नावच दिलेलं नाही. नवरा माझ्यावर प्रेम करतो का, हा तिचा प्रश्न. पहिली बायको कशी मेली, हा आपला प्रश्न. आणि पुढं कळतं की या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हिचकॉकनं १९४० मध्ये यावर चित्रपट केला, आपल्याकडे १९६४ मध्ये ‘कोहरा’ आला.

हे मिश्रण आपल्याला नवं नाही. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर राजा परांजप्यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला आणि त्यावरून १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ झाला. नवऱ्यासमोर उभी असलेली बाई आपलीच बायको की दुसरी कुणी, हा प्रश्न प्रेमाचा म्हणायचा की गुन्ह्याचा? हिंदीतल्या गुलशन नंदांची ‘कटी पतंग’ आपण रडत रडत पाहिली. तिच्या मुळाशी कॉर्नेल वूलरिच या अमेरिकन रहस्यलेखकाची १९४८ ची कादंबरी आहे. खानदेशाला हिंदी परकी नव्हतीच. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्याच्या हातात मराठी पुस्तकाशेजारी हिंदी पॉकेटबुक हमखास दिसायचं. आणि रहस्यकथांची सम्राज्ञी अगाथा ख्रिस्ती हिनंसुद्धा मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावानं मनाच्या, नात्यांच्या सहा कादंबऱ्या लिहिल्या, हे किती वाचकांना ठाऊक असतं?

रविवारी सुहास शिरवळकर. जन्म १९४८, मृत्यू २००३. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास ही त्यांची रहस्यकथांतली माणसं. याच लेखकानं १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली. पुण्यातला कॉलेजचा कट्टा, दोस्ती, प्रेम, घरातली भांडणं. पुढं २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट आला आणि ज्यांनी कधी मराठी पुस्तक हातात धरलं नव्हतं अशी कॉलेजची मुलं मूळ कादंबरी मागू लागली. रहस्यकथा लिहून लिहून हाताला जे वळण लागतं ते ‘दुनियादारी’त जागोजागी दिसतं. प्रकरण कुठं तोडायचं, माणसाबद्दलची कुठली गोष्ट दडवून ठेवायची आणि ती कधी उघड करायची, हे या लेखकाला पक्कं माहीत आहे. म्हणून चारशे पानांचं पुस्तक मुलं दोन बैठकांत संपवतात.

तर आठवड्याअखेर वहीत जमलं ते असं. रहस्यकथा विचारते, हा माणूस कोण आहे? प्रेमकथा विचारते, हा माणूस माझा आहे का? दोन्हींमध्ये माणूस वाचायचा असतो. समोरचा बोलतो ते आणि करतो ते यांत अंतर किती, हे पाहायचं असतं. पहिल्या नजरेला पटलेलं पुन्हा तपासायचं असतं. दोन्हींत शेवटी काहीतरी नक्की मिळणार, याची लेखकानं हमी दिलेली असते. गुन्हेगार सापडेल किंवा दोघं भेटतील. ही हमी असते म्हणूनच आपण मधली भीती आणि मधला विरह मजेत सोसतो. खऱ्या आयुष्यात अशी हमी कुणी देत नाही. थकल्याभागल्या माणसाला तीन तास अशी हमी मिळाली, तर त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

याचा अर्थ सगळी पुस्तकं सारखी, असा नाही. ‘रिबेका’ माझ्या मनात महिनाभर राहिली. सोमवारचं पुस्तक बुधवारपर्यंत विसरलो. पण सोमवारच्या पुस्तकाशिवाय मी शनिवारच्या पुस्तकापर्यंत आलो असतो का? शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर सांगतो, ज्या मुलाला कुणी आधी झुंजार किंवा फास्टर फेणे दिला, तोच पुढं ‘कोसला’ मागायला आला. ज्याला आठवीतच जाड, गंभीर पुस्तक हातात देऊन ‘हे वाच, बाकी कचरा’ म्हणून सांगितलं, तो वाचनालयाच्या वाटेला पुन्हा फिरकला नाही. पहिली पायरी काढून घेतली तर वरच्या मजल्यावर कोण चढणार?

ही पायरी आज खरोखरच काढली जाते आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी अर्नाळकरांची पुस्तकं मागितली. उत्तर मिळालं, ‘ती सगळी फाटकी होती, रद्दीत काढली.’ फाटकी होती, कारण शेकडो हातांतून गेली होती. न उघडलेली पुस्तकं तिथंच कपाटात कोरी करकरीत उभी होती. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकाची आज मोजकीच पुस्तकं सहज मिळतात. इतिहासाचे कागद जपणारी संस्था धुळ्यात आहे, समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जपणारं वाग्देवता मंदिर धुळ्यात आहे, जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासून चालत आलं आहे. आपल्याकडे जपण्याची परंपरा आहे. मग आपल्या आई-आज्यांनी पदराखाली लपवून वाचलेलं काही जपायला नको का? कुठल्या काळात लोकांना कशाची भीती वाटत होती आणि कशाची ओढ होती, हे पुढं कुणाला शोधायचं झालं तर ते याच फाटक्या पुस्तकांत सापडेल. १९४४ मध्ये धुळ्यात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष मामा वरेरकर होते. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणून त्यांनी त्या घरोघर पोचवल्या. सामान्य वाचकाची आवड ओळखणाऱ्या माणसाचा मान आपल्याच गावानं तेव्हा केला होता.

शेवटी ज्यांना असा आठवडा करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सुरुवात लहान पुस्तकानं करा, शंभर-सव्वाशे पानांच्या. दोन रहस्यकथा पाठोपाठ वाचू नका; दुसरीतले धक्के बोथट होतात. मधे एक प्रेमकथा घातली, की दोन्हींची चव राहते. रात्री दहानंतर थरारक पुस्तक सुरू करू नका, सकाळचं पाणी भरायचं राहून जाईल. डोळे दुखत असतील तर हल्ली मोबाइलवर मराठी कादंबऱ्या ऐकायलाही मिळतात. भाकरी थापता थापता ऐकता येतात, ही मोठीच सोय आहे. वाचनालयाची वर्गणी भरलेली नसेल तर ती या आठवड्यात भरून टाका आणि ग्रंथपालांना आवर्जून सांगा, की जुन्या रहस्यकथा आणि प्रेमकथा रद्दीत काढू नका, आम्हाला वाचायच्या आहेत. आणि घरात दुपारी कुणी पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं, मग ती आई असो, सून असो की दहावीतली नात, तर पुस्तक कोणतं ते विचारण्याआधी चहा आपण स्वतः करून घ्यावा.